पुठ्ठ्यावर चिकटवलेला परवाना

माझे मामा पुस्तकं बांधतात. चाळीस वर्षं खळ, पुठ्ठा आणि दोरा. मोकळा कागद दिसला की त्यांच्या हातांना चैन पडत नाही, विजेच्या बिलालासुद्धा पाठीमागून पुठ्ठा लावून ठेवतात.

मामी शेजारी बसून छापील कागदांच्या घड्या घालायची आणि घालता घालता वाचायची. आता तिचं दुखणं बरं होण्यातलं नाही. डॉक्टर म्हणाले, मागेल ते द्या. मामीनं मागितली वाइन. म्हणाली, "कादंबऱ्यांतली माणसं ऊठसूट पितात. मला एकदा चव तरी कळू दे."

झालं. आमच्याकडे वाइनचं सरकारी दुकान एकच, तेही मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक, आणि परवाना असेल तरच. परवान्याला तीन फोटो, वर्तणुकीचा दाखला आणि अर्जात 'कारण' नावाची चौकट. मी म्हटलं, "मामा, प्रकृतीसाठी असं लिहा." त्यांनी लिहिलं, 'बायकोची इच्छा'. अर्ज परत आला. मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरा अर्ज त्यांच्या नावानं मीच भरला, तेव्हा बावीस दिवसांनी परवाना हातात पडला. तोवर मामी दोन चमचे दुधावर आली होती.

शुक्रवारी तासभर रांगेत उभे राहिलो. कारकुनानं परवाना उलटा केला आणि थांबला. बाटलीची नोंद आणि शिक्का मागच्या बाजूला. मागच्या बाजूला मामांचा पुठ्ठा, कडेनं कापडी पट्टीसकट.

"फाटू नये म्हणून," मामा म्हणाले.

"मग शिक्का कुठे मारू?"

"त्याच्यावरच मारा की. चांगला पुठ्ठा आहे."

मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं, कुणावर ते ठरेना. किटलीच्या वाफेवर तो कागद सोडवायला मामांना दोन दिवस लागले. खळ त्यांनीच शिजवलेली, सुटेल कशी?

मंगळवारी शिक्का बसला, बाटली मिळाली. देताना कारकुनानं बजावलं, "परवाना तुमच्या एकट्याचा आहे. दुसऱ्या कुणाला पाजलीत तर गुन्हा होतो."

मी कानाआड केलं. मामांनी नाही केलं. घरी येऊन बाटली मांडीवर घेऊन ते पलंगाशी बसले आणि अर्धा तास झाला तरी बूच काढेनात. मामीनं विचारलं, "काय झालं?" त्यांनी नियम सांगितला, एक शब्द न गाळता. त्या क्षणी मला मामांचा भयंकर संताप आला.

मामीनं बाटलीवरून एक बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्या नावानं अर्ज करायचा का? बावीस दिवस तर लागतात."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "दार लाव."

दाभणानं त्यांनी बूच उकरून काढलं, पेल्यात दोन बोटं वाइन ओतली, तिची मान हातावर घेतली आणि पेला तिच्या ओठांना लावला. तिनं एक घोट घेतला. डोळे मिटून तोंडातच धरून ठेवला, मग गिळला.

"अजून," ती म्हणाली.

मामांनी दिली.