वाल गळले आणि मी इंजनवाला जावई झालो

माझ्या लग्नाची मोटार मी दुरुस्त केली नव्हती. ती माझ्या काकूने केली. सासरचं सगळं गोत आजही उलटंच समजतं, आणि ते पाप माझं आहे!

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. अमरावतीजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा. काकांनी एका वकिलाची म्हातारी मोटार विकत घेतली आणि अकोल्याला, जठारपेठेत, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना निरोप धाडला : नवरदेव मोटारीनं येईल! सासऱ्यांनी तो अख्ख्या पेठेला सांगून टाकला. घरची मंडळी आदल्या दिवशीच आगगाडीनं पुढे गेली. मागे राहिलो काका, म्हशींचं आवरून निघणारी काकू आणि हळद लागलेला मी.

लग्नाच्या दिवशी सकाळी मोटार सुरूच होईना. एरवी दोन हातांना न जुमानणारं हँडल एका बोटानं गरगर फिरायचं! रहीममिस्त्री आला. प्लग काढून त्याने आत थोडं तेल ओतलं, पुन्हा हँडल फिरवलं आणि मान हलवली.

"तेल टाकूनबी दम धरत नाई. म्हंजे पिस्टनच्या रिंगा बऱ्या हायेत. वाल गळून राह्यले, भाऊ!"

काका ताडकन उठले. "वाल गळून राह्यले? कालच तं बहर पाह्यला म्या! बापू, राख घे!"

वालाचा बहर गळू लागला की वेलावर राख मारायची, हे आमच्या रक्तातच! मी टोपलं घेऊन पळालो. मागून काकू ओरडली, "अरे, हळदीच्या अंगानं काहून बोंबलत चालला?" सगळे वेल पांढरे करून मी धापा टाकत परतलो.

"काका, एक फूल गळलं नाई!"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "अबे, शेंगाचे वाल नाई! इंजनातले, हवा कोंडून धरते ते! त्याच्यातूनच दम निघून जाऊन राह्यला!"

इंजिनाचं डोकं उतरलं. आतली काजळी खरवडायचं काम माझ्याकडे आलं. (निम्मी इंजिनाची निघाली, सगळी मला लागली.) मग कुरुंदाची पूड तेलात कालवून वालांना लावायची आणि फट बुजेपर्यंत एकेक वाल त्याच्या बैठकीवर घासायचा. वाल आठ, मुहूर्त गोरज! मिस्त्रीने एका वालाची दांडी माझ्या हातात दिली.

"दळण दळून राह्यला का बे? एकाच बाजूनं नको फिरवू! अर्धा इकडं, अर्धा तिकडं!"

काकूला ते बघवेना. "सरक तिकडं. हे तं ताक घुसळणं हाये!"

पदर खोचून ती बसली, दांडी दोन्ही तळव्यांत धरली आणि घुर्र-घुर्र, घुर्र-घुर्र! आठही वाल तिने रवीसारखे घुसळून काढले. मिस्त्रीने वरून घासलेट ओतून पाहिलं. थेंब पाझरला नाही!

"भाभी, ग्यारेज टाका!"

इंजिन जोडलं. मी ऐटीत हँडल मारलं, आणि इंजिनात असा दम भरला होता, की हँडलनेच मला मारलं! दुसऱ्या झटक्याला मोटार गरजली.

"बस गाडीत!" काका ओरडले. "आंघोळ सासऱ्याच्या दारी!"

मी चालवत होतो. मूर्तिजापूर मागे पडलं, बैल बुजले, कोंबड्या उडाल्या, आणि सूर्य मावळायच्या आत आम्ही जठारपेठेत! वाजंत्री कडाडली. सासरे हार घेऊन धावत आले आणि मला म्हणाले,

"ए डायवर, गाडी त्या निंबाखाली लाव! नवरदेव कुठी हाये?"

काका छाती काढून म्हणाले, "हाच नवरदेव! इंजन यानंच खोललं, म्हून असा काळा!"

सासऱ्यांनी मला काजळीसकट मिठी मारली. काकू मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसत होती. मी खरं सांगणारच होतो, पण वाजंत्रीत ऐकू आलं नसतं. (वाजंत्री नंतर थांबली. मीही थांबलो.)

त्यानंतर सासरी काहीही बिघडलं की ते माझ्यासाठी राखून ठेवलं जाई : सायकल, शिवणयंत्र, विहिरीचा पंप! एक धड दुरुस्त झालं असेल तर शपथ. बाकीच्या जावयांना पाट-पाणी मिळालं. मला जन्मभर पाट-पाना!