वेल्कोनं न कापलेली वायर

वेल्कोचं लिहून घे, बाळा. मी गेले की त्याचं सांगणारं कुणी उरायचं नाही.

माणूस साधा. टकला, एकटा, कॉफीत तीन चमचे साखर घालणारा. आमच्या कूबर पीडीत उन्हापायी घरं खडकाच्या पोटात कोरलेली. नेट काही दगडातून जात नाही, म्हणून या खोलीतून त्या खोलीत भोकं पाडून वायर ओढायची. ती बिघडली की वेल्कोला हाक. आधी तो ओपल रत्नांच्या खाणीत होता. त्याचा भागीदार स्तेवान खाली उतरायचा, हा वर दोराचा रहाट धरायचा. एक दिवस खाली माती ढासळली, स्तेवान गेला. तेव्हापासून वेल्कोनं खाण सोडली. एवढंच गावाला ठाऊक होतं.

तुझ्या आजोबांची फुप्फुसं दगडाच्या धुळीनं गेलेली. नर्स ब्रॉन स्पष्ट बोलली होती, "मागच्या खोलीत लाइन चालू असली, रोज डॉक्टरांना हे पडद्यावर दिसले, तरच घरी ठेवीन. नाहीतर शुक्रवारच्या विमानानं ॲडलेड." आजोबा म्हणायचे, मला इथंच जाऊ दे, परक्या छताखाली नको. आणि गुरुवारी लाइन बंद.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला वेल्को आला. ब्रॉन अकराला येणार होती. त्यानं स्वैपाकघरातल्या टोकाला वायर किती लांबीवर तुटली ते मोजायचं आपलं डबडं लावलं आणि कपाळाला आठी घातली.

"वहिनी, पलंग इथून किती लांब?"

"अकरा मीटर. का रे?"

"वायर पंधरा मीटरवर तुटलीय."

आजोबा आतून खोकत म्हणाले, "अरे, लाइन ओढताना मी वायर कापली नव्हती. आठ मीटर जास्तीची होती. पलंगामागच्या भोकात दुमडून कोंबली न् टोक बाहेर आणून बसवलं."

यात नवल नाही. आमच्या खाणवाल्यांतला कुणी दोर कापत नाही. आखूड दोरानं माणूस वर येत नाही, असं म्हणतात.

"भोक केवढं, ओब्राददादा?"

"मूठभर रुंद. कोपरापर्यंत खोल."

"आणि आठ मीटर त्यात मावली?"

"मलाही वाटलं होतं तसं. मी ढकलत गेलो, ती जात गेली. आतून कुणी घेत असल्यासारखी."

"औषधाचा परिणाम," मी म्हटलं. "वेल्को, ओढ ती बाहेर."

त्यानं ओढली. वीतभर आली न् अडकली. मग वायर आतून ओढली गेली. एकदा. पुन्हा एकदा. वेल्कोनं चटका बसल्यासारखा हात काढला.

मला वाटलं, वायरच ती, उसळी मारत असेल. मी धरली. हलकेच खेचली. जरा वेळ काही नाही. मग दोन हिसके. मऊ, थकलेले. मासा गळाला ओढतो ना, तसे नव्हते. हाताचे होते.

खाणीच्या दोराला दोन हिसके म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर घे.

वेल्को भिंतीला टेकून खालीच बसला.

"भोकाच्या तोंडाशी काप," मी म्हटलं, "नवी पिन बसव. दहा मिनिटांचं काम."

"मला नाही जमायचं, वहिनी."

"पावणेअकरा झालेत, बाबा."

"त्या दिवशी माती पडल्यावर दोराला दोन हिसके बसले होते," तो म्हणाला. "रहाट कडेला सरकत होता. मीपण गेलो असतो. दोर दगडानं तुटला नव्हता."

आजोबांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिले. बाहेर ब्रॉनच्या गाडीचं दार वाजलं.

मी वेल्कोच्या पिशवीतून पक्कड घेतली न् दोन्ही पदर कापले. कापताना हाताला पुन्हा ओढ लागली, ती मी अंगावर घेतली. कापलेली टोकं भोकात निघाली. सर्रकन नाही. हात हात. कुणी नीट गुंडाळून घेतंय अशी.

मग मात्र वेल्को उठला. आठही बारीक तारा रंगाप्रमाणे लावून त्यानं पिन दाबली. हिरवा दिवा लागला.

ब्रॉननं डॉक्टरांना आजोबा दाखवले. "काय ओब्राद, येत नाही आमच्याबरोबर?"

"तुमच्या विमानातला चहा फार पातळ असतो," आजोबा म्हणाले.

चौतीस दिवसांनी ते त्याच खोलीत गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता.

वेल्को दर रविवारी कॉफीला येतो. पूर्वी त्याच्या गप्प बसण्याचा मला कंटाळा यायचा. आता मीही गप्प बसते. एकदाच विचारलं, "वेल्को, मी केलं ते बरोबर होतं का रे?"

त्यानं कपातली साखर ढवळली. "दादा घरीच गेले ना, वहिनी?"

गेले. पण आत कोण होतं, ते त्यानं मला विचारलं नाही, मी त्याला विचारलं नाही.