मशीनभोवतीचा सडा

रस्त्याच्या कामावर टँकरने मुरूम भिजवला की त्या वासासरशी मला डोईफोडियातलं एक अंगण आठवतं. नव्या महामार्गाचं काम सुरू व्हायच्या आधी तिथल्या हवेत मुळात धूळ किती, ते मोजून ठेवायचं होतं. म्हणून एका मावशींच्या अंगणात आम्ही घुरघुरणारी मशीन मांडली, चहा प्यालो आणि बऱ्हाणपूरला परतलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आकडा बघतो तर थंड हवेच्या ठिकाणाला लाजवेल असा! साहेब फोनवर भडकले, "इतनी साफ हवा? मशीन बंद थी क्या?" मशीन चालूच होती, फक्त तिच्याभोवती शेणाचा ओलागच्च सडा होता आणि पायांशी रांगोळी. "दारी पाव्हणा आन् आंगन कोरडं ठेवू का?" मावशी म्हणाल्या. मी समजावलं, "मावशी, हिला धूळच पाहिजे." त्यांचा चेहरा पडला. "आधी सांगायचं ना भाऊ! उपाशी ठेवली मी बिचारीले." पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पदर खोचून, खराटा घेऊन त्या अख्ख्या अंगणाची धूळ मशीनच्या तोंडाशी उडवत होत्या. तो आकडा ऐकून साहेब खूश! "बढिया! रोड बनने से तो यहाँ की हवा सुधर जाएगी." असला अहवाल गेला असता तर सगळ्यात आधी माझीच नोकरी गेली असती. शेवटी मीच दिवसभर मशीनची राखण करत बसलो, एका हातात मावशींकडून काढून घेतलेला खराटा, दुसऱ्या हातात त्यांची बादली. आता खरा पाव्हणा, तो महामार्ग, तिथे कायमचा मुक्कामाला आलाय. टँकर रोज सडा घालून जातो; रांगोळी मात्र कुणी काढत नाही.