सैमाचा डावा डोळा

बंदुकीची नळी सरळ आहे की नाही, हे सैमा होल्मालाहती नुसतं आरपार बघून सांगायची. दक्षिण फिनलंडमधल्या रायफलींच्या कारखान्यात एकवीस वर्षं तिचं हेच काम. नळी खिडकीकडे धरली की चौकटीची सावली आतल्या चकचकीत पोलादावर रेघेसारखी पडे. रेघ केसभर वाकली, तरी नळी दाबयंत्रात ठेवून चाक जरासं फिरवायचं, पुन्हा बघायचं. त्या रायफलींचा गोळी आत ढकलणारा बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा सरके आणि गोळी नजर लावली तिथेच लागे.

फेब्रुवारीत एक दिवस ताउनो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तयार झालेली प्रत्येक रायफल तोच झाडून पाही.

"या आठवड्यात तीन बंदुका डावीकडे मारतायत. बोल्ट बघितला, दस्ता बघितला, माझा हातही बघितला. आता तूच राहिलीस."

सैमाने नळी खाली ठेवली. "माझा उजवा डोळा गेलाय. डॉक्टर म्हणतो, परत यायचा नाही."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"काम गेलं असतं."

"डावा कसाय?" ताउनोने विचारलं.

"त्यानं जन्मात काम केलं नाही. आळशी आहे, आमच्या ओइवासारखा."

"मग लाव की कामाला!"

हे कळल्यावर मुकादमाने तिला डावा डोळा तयार करायला वसंतापर्यंत मुदत दिली आणि तोवर पेट्या भरायला बसवलं. सैमाने एक बाद नळी घरी आणली. रोज सकाळी ती खिडकीशी बसे. डोळ्याला धारा लागत, एका रेघेच्या दोन दिसत.

"अगं, नळीत काय वाढून ठेवलंय?" तिचा नवरा ओइवा कॉफी ओतत विचारी. पण तिच्यासाठी खिडकीवरचं बर्फ तोच खरवडून काढी.

मार्चअखेर दोन रेघांची एक झाली.

एप्रिलमध्ये मुकादमाने दहा वाकड्या नळ्या पुढ्यात टाकल्या. दोन दिवसांनी तिने नऊ परत केल्या. दहावीवर खडूने फुली मारली होती. "ही अजून रुसलीय. उद्या देते."

नऊ नळ्यांच्या रायफली जुळल्यावर ताउनोने प्रत्येकीतून तीन गोळ्या झाडल्या. तो निशाणाचे कागद घेऊन आला, तेव्हा प्रत्येकावरची तिन्ही भोकं अंगठ्याच्या नखाखाली झाकली जात होती. मुकादमाने कागद उलटसुलट पाहिले आणि तो म्हणाला, "सोमवारपासून खिडकीशी बस."

"आता त्या उजव्याचं काय करणार?" ताउनोने विचारलं.

"तुला मारायला ठेवलाय," सैमा म्हणाली आणि तिने डोळा मारला.