शेलार उस्तादांची मोटर

संध्याकाळी सातच्या रोल कॉलला सुभेदार साहेबांनी माझं नाव पुकारलं. "नाईक काशिनाथ कदम. उद्या पहाटे साडेतीन, एमटी गेट. डायव्हिंग सेट बरोबर. ठिकाण महाड, दासगाव. काम करून संध्याकाळी परत." मागच्या रांगेत कुणीतरी मुद्दाम खाकरलं. दासगाव माझं गाव, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. सरकारी गाडीतून घरी जायचं आणि आईच्या हातचं जेवून यायचं, ही चैन फौजेत सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतला ऑगस्ट होता. आमची इंजिनिअर रेजिमेंट पुण्याजवळ होती. फौजेतले इंजिनिअर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग पेरणारे आणि काढणारे, आणि पूर आला की बोटी घेऊन धावणारे. मी डायव्हिंगचा बेसिक कोर्स करून आलो त्याला तीन आठवडे झाले होते. माझ्या लॉगबुकात अकरा डाइव्ह होत्या, नऊ टाकीतल्या आणि दोन तलावातल्या. दोन्हीकडचं पाणी इतकं स्वच्छ की खालून इन्स्ट्रक्टरच्या मिशा दिसायच्या. कंपनीतला अनुभवी डायव्हर कानाच्या दुखण्याने हॉस्पिटलात पडला होता, म्हणून माझा नंबर लागला.

काम साधं वाटत होतं. महाडला पुराच्या ड्यूटीवर आमची दोन बोटींची तुकडी गेली होती. तिचे कमांडर हवालदार नामदेव शेलार. पूर ओसरला, तुकडी परतायच्या तयारीत होती आणि त्याच दिवशी एका बोटीची मोटर दासगावजवळ सावित्रीच्या तळाला गेली. चाळीस हॉर्सपॉवरची, वजन सत्तर किलो. ती चोवीस तासांत वर काढायची होती.

शेलार उस्ताद पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. आमच्यात ते सीनियर, म्हणून मी त्यांना उस्ताद म्हणायचो. मी नदीकाठचा, ते डोंगरातले. आम्ही आंघोळ करून सोडलेलं पाणी तुम्ही पिता, असं ते मला लंगरमध्ये जेवताना सगळ्यांसमोर ऐकवायचे. पोहण्याशी मात्र त्यांचं जेमतेम पटायचं. बावीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये त्यांच्या वर्तणुकीच्या शीटवर एकही रेड इंक एंट्री नव्हती. लाल शाईने लिहिलेली शिक्षा म्हणजे काय, हे फौजेतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दोन महिन्यांनी त्यांचं नायब सुभेदारीचं प्रमोशन होतं. मोटर हरवली असती तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, मग लाल शाई, आणि प्रमोशन गेलं ते गेलंच.

मोटर गेली कशी, हे मला वाटेत वरंध घाटात कॅप्टन साहेबांनी सांगितलं आणि सांगताना त्यांनाच हसू आवरेना. साहेब सव्वीस वर्षांचे, पंजाबी, स्वतः डायव्हर. झालं होतं असं की पुरात शेलारांच्या बोटीने दासगावच्या हसनचाचांच्या बाळंतपणाला आलेल्या मुलीला महाडच्या दवाखान्यात वेळेवर पोचवलं. मुलगी आणि नातू सुखरूप. चाचांनी आनंदाने जवानांना एक बोकड दिला. बोकडाने काथ्याचा दोर दोन वेळा कुरतडून तोडला, म्हणून उस्तादांनी त्याला नायलॉनच्या दोराने बांधला. तो दोर म्हणजे मोटरचा सेफ्टी रोप. मोटर बोटीवरून निसटली तरी बुडू नये म्हणून तो बांधलेला असतो. पुढे मोटर सुरू झाली, आवाजाला बिचकून बोकडाने पाण्यात उडी घेतली, उस्ताद हँडल सोडून त्याच्यामागे वाकले, बोट रेतीच्या दांड्यावर चढली आणि मोटर उसळून पलीकडच्या खोल पाण्यात गेली. बोकड वाचला.

साहेब म्हणाले, मोटर मिळाली नाही तर इन्क्वायरीत पहिला साक्षीदार बोकडच होईल.

पावणेनऊला दासगावला पोचलो. भुरभुर पाऊस, वारा, आणि नदी चहाच्या रंगाची. काठावर उस्ताद उभे होते. दाढी केलेली, बूट पॉलिश केलेले, पण रात्रभर झोपले नसावेत. शेजारी बोकड हिरवा पाला खात होता. मी सावधान होऊन राम राम घातला आणि बोकडाकडे बघून पुन्हा एक घातला. उस्ताद हसले नाहीत, तेव्हा मला गांभीर्य कळलं.

हसनचाचा आपली रेतीची होडी घेऊन हजर होते. पावसाळ्यात रेतीचं काम बंद असतं. साठी उलटलेले, पण छाती अजून डुबी मारून रेती काढणाऱ्याची. मोटर पडली तिथे त्यांनी कालच एक लांब बांबू रोवून ठेवला होता. वीस फूट पाणी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. खाडीची भरती-ओहोटी दासगावपर्यंत लागते; ओहोटी संपत येऊन पाणी मंदावेल तेव्हा तास-दीड तास मिळणार होता.

सव्वादहाला मी सूट, सिलिंडर, मास्क, फिन्स असा नवरदेवासारखा सजून पाण्यात उतरलो. कमरेला लाइफलाइन, तिचं दुसरं टोक होडीत उस्तादांच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, चार म्हणजे वर ये. सहा फुटांवर उजेड संपला. मी कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे फिन्स मारत, हात पसरून तळ चाचपू लागलो. हातात नुसता गाळ यायचा आणि प्रवाह मला उचलून पुढे न्यायचा. आठ मिनिटांनी वर आलो तेव्हा बांबू कुठल्या कुठे राहिला होता आणि मी कपडे धुणाऱ्या बायकांच्या घाटासमोर होतो. त्यातल्या एकीने मला ओळखलं आणि तुझी आय जेवायला वाट बघतेय, असं सांगितलं. दुसऱ्या डाइव्हमध्येही हेच झालं. फक्त बायकांनी या वेळी आधीच टाळ्या वाजवल्या.

होडीत येऊन बसलो. लाज वाटत होती. ज्या नदीत लहानाचा मोठा झालो तिच्यात मी पाहुणा ठरलो होतो. हसनचाचा माझ्या फिन्सकडे बघत होते.

"काश्या, ही बदकाची पावलं कशाला घातलीस?"

"चाचा, नियम हाय."

"तळाला डोळं उपयोगाचं नाय, हात उपयोगाचं नाय. बांबू धर नि पायान बघ. माझ्याच होडीवर दोन उन्हाळं तू काय केलंस?"

मला खरोखर आठवलं. शाळेच्या सुट्टीत मी याच होडीवर डुबी मारायचो. एका हाताने बांबू धरायचा, अंग प्रवाहाला सोडून द्यायचं आणि तळव्यांनी तळ वाचायचा. रेती, गाळ, शिंपला, लाकूड, सगळं पायाला वेगळं लागतं. फौजेने मला महिनाभर पाण्यात बघायला शिकवलं आणि पायाने बघायची माझी विद्या मी रबरात बांधून टाकली होती. साहेबांना मी विचारलं, फिन्स काढू का? त्यांनी होकारार्थी मान हलवली. ड्रिलच्या विरुद्ध होतं, पण साहेब शहाणे होते.

दुसऱ्या डाइव्हनंतर होडी काठाला लागली तेव्हा उस्ताद चहा आणायला हायवेवर गेले होते, ते एवढ्यात रिकाम्या हाताने परतले. महाबळेश्वरहून मुंबईला जाणारी एसटी त्यांनी थांबवली होती. महाडच्या बाजारात पावसाळ्यात लोक या गाडीकडे लक्ष ठेवून असतात. ती चिखलाने माखून आली तर वर पाऊस बेताचा. ती टपापासून चाकापर्यंत धुऊन आली की दुकानदार माल पोटमाळ्यावर चढवायला घेतात.

"गाडी लख्ख धुतलेली हाय, साहेब," उस्ताद म्हणाले. "आंबेनळी घाटात ड्रायव्हरला रस्ता दिसत नव्हता. आमच्या वरचं पाणी आता निघालंय. काम बंद करा."

साहेबांनी विचारलं, किती वेळ आहे? उस्ताद म्हणाले, सांगता येत नाही, अर्धा तास किंवा त्याहून कमी. काम बंद करा असं सांगणारा माणूस तोच होता ज्याचं सगळं त्या तळाला पडलं होतं. मी साहेबांना म्हटलं, एक डाइव्ह द्या, दहा मिनिटं. साहेब म्हणाले, दहा म्हणजे दहा. उस्तादांनी लाइफलाइन हाताला दोन वेढे देऊन घेतली.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी मी बांबू धरून उतरलो. तोंडात हवेचा रेग्युलेटर होता, मोटर बांधायचा दोर दातात धरता येत नव्हता, म्हणून मनगटाला गुंडाळला. तळाला पाय लागले. बांबूभोवती एक एक पाऊल सरकू लागलो. रेती. गाळ. पुन्हा रेती. मग उजव्या पायाचा अंगठा कशाला तरी असा आपटला की मी रेग्युलेटरमध्येच ओरडलो. लोखंड होतं, वाकलेलं, पंख्याचं पातं. मोटर अर्धी रेतीत रुतली होती. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता.

आणि तेव्हाच कमरेला चार झटके बसले.

चार म्हणजे हुकूम. त्यावर विचार करायचा नसतो. मी उत्तरादाखल एक झटका दिला आणि खाली वाकलो. पुन्हा चार झटके आले, या वेळी कंबर दुखेल असे. मी पात्याच्या मागून दोर घातला, एक गाठ मारली, मग दुसरी. पाणी एकदम थंड झालं. बांबू हातात थरथरू लागला. काहीतरी मोठं, बहुधा ओंडका, माझ्या सिलिंडरला घासून गेलं, बांबू मोडला आणि मी आडवा झालो. मास्क गेला. वर कुठे आणि खाली कुठे हे मला कळेना. मी घाबरलो, हे सरळच सांगतो. त्या गढूळ अंधारात एकच गोष्ट पक्की होती, कमरेची दोरी, आणि ती मला ओढत होती.

होडीत मी माशासारखा आपटला गेलो. नदीवर पाला, फांद्या आणि फेस वाहत येत होता. होडी हेलकावत होती, चाचा नांगराचा दोर सैल सोडत होते. उस्तादांच्या तळहातांची साल निघाली होती. मी मनगटाचा दोर त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "बांधली, उस्ताद." त्यांनी दोराकडे पाहिलंच नाही. बावीस वर्षांत कुणाला शिवी न दिलेल्या त्या माणसाने मला एक सणसणीत शिवी दिली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चार झटके दिलं ना तुला? माझ्या लाल शाईपायी तू खाली रायला असतास तर तुझ्या आयशीला मी तोंड कसं दाखवलं असतं? ती बघ, तिथं उभी हाय."

खरंच, काठावर आई उभी होती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, कमरेला टोपली, त्यात आमचं जेवण. तिला वाटलं, आम्ही खेळतोय.

मोटर काठावर ओढायला दहा माणसं लागली. घाटावरच्या बायकाही दोराला लागल्या. बाराला दहा कमी असताना ती चिखल ओकत बाहेर आली. साहेबांनी वायरलेसवर रेजिमेंटला कळवलं, "स्टोअर रिकव्हर्ड. सर्व ठीक. ओव्हर." पलीकडून विचारणा झाली, कॅज्युअल्टी? साहेब माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघून म्हणाले, "वन टो. ओव्हर."

जेवण आमच्या पडवीत झालं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि कुळथाचं पिठलं. साहेबांनी सहा भाकऱ्या खाल्ल्या आणि आईने त्यांना आणखी दोन वाढल्या. चाचांच्या जावयाने दुबईहून आणलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले. बोकड कापायचा विषय निघाला तेव्हा उस्ताद म्हणाले, हा माझा साक्षीदार आहे, याला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या रजेत ते त्याला वाडीवर घेऊन गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या खांद्यावर नायब सुभेदारीचा स्टार लागला. मला उगीचच वाटायचं की त्यातला एक कोपरा माझा आहे.

त्यानंतर काही वर्षांनी रेजिमेंट सीमेवर सुरुंग काढायच्या कामावर होती. शेलार साहेबांचा नियम होता, आदल्या दिवशी सुरुंग काढून साफ केलेली वाट, म्हणजे लेन, सकाळी स्वतः चालून पाहिल्याशिवाय जवान आत सोडायचा नाही. त्या सकाळी नऊ वीसला ते लेनमध्ये गेले. रात्री पाऊस झाला होता आणि एक सुरुंग जागचा सरकला होता. मी सहाशे मीटर मागे स्टोअरच्या गाडीजवळ होतो. वायरलेस सेटवर दोन वाक्यं आली. "एक कॅज्युअल्टी. शेलार साहेब." त्यांच्यामागून येणारे अकरा जवान सुखरूप होते.

पार्थिवाबरोबर मला पाठवण्यात आलं. पोलादपूरच्या वर गाडी जात नव्हती, शेवटची चढण आम्ही खांद्यावरून नेलं. तोंड दाखवायला मीच गेलो. एक हिशेब मी कुणाला सांगितला नव्हता. मोटर सापडली नसती तर प्रमोशन झालं नसतं, आणि प्रमोशन झालं नसतं तर ते हवालदार म्हणूनच, दासगावनंतर दोन वर्षांनी सर्व्हिस संपून, पेन्शनवर घरी आले असते. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. त्यांच्या बायकोला, वहिनींना, मी हे सगळं सांगून टाकलं आणि रडलो.

 वहिनी म्हणाल्या, "भावजी, स्टार लावून घरी आलं ते चार दिवस तुम्ही बघितलं नाय. मी बघितलं हायत. ते परत घेऊ नका."

मी दरवर्षी त्या तारखेला वाडीवर जातो. गोठ्यात त्या बोकडाच्या वंशातली शेरडं आहेत आणि ती अजून दोर कुरतडतात. भिंतीवर वर्दीतला फोटो नाही. वहिनींनी दासगावचाच लावलाय. शेलार उस्ताद पडवीसमोर उभे आहेत, दोन्ही तळहातांना फडकी, आणि तोंडभर हसतायत. एका हातात काथ्याचा दोर, त्याला बोकड. दुसऱ्या हाताखाली मोटर, आणि तिला नायलॉनचा दोर, दोन गाठी मारून पक्का बांधलेला.