गाडी चार्जिंगले, चक्की बंद

मंडळी, इलेक्ट्रिक गाडीचा आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलची कटकट नाही, असं मीच तुम्हाले इथं सांगत असतो. आता आजचं ऐका.

उमरखेडहून पुसदले येताना रस्त्यातला चार्जर बंद निघाला. बॅटरी संपत आलती. कशीबशी गाडी एका गावातल्या पिठाच्या चक्कीपर्यंत आणली. चक्कीवाल्या चाचांनी लगेच प्लग दिला.

पण चक्की फिरली की व्होल्टेज पडे अन् गाडीचं चार्जिंग बंद होये. मंग चाचांनी चक्कीच थांबवली. "पाहुणा अडकला, बसा जरा," दळणाले आलेल्या बायाइले म्हणाले.

दळणाचे डबे घेऊन बाया समोरच बसल्या. मी गाडीत. बॅटरीपायी एसी लावता येईना, अन् काच खाली केली की सगळ्यायची नजर माझ्यावर.

शेवटी एक मावशी जवळ आल्या. "गाडी चांगली हाय भाऊ. पण आमच्या घरी भाकरी व्हायच्या हायेत. हिचं पोट कवा भरन?"

पेट्रोल संपलं असतं तर कोणीतरी बाटलीभर आणून दिलं असतं. वीज कशात आणता?

मी उतरलो अन् प्लग काढला. तुम्ही काय केलं असतं?

आता चक्की फिरून राह्यली, गाडी पिठानं पांढरी झाली. माझा नंबर शेवटच्या डब्याच्या मागं हाय.