पार्किंगमध्ये रडलेली माणसं

आमच्या सोसायटीला रडायची भारी हौस. फुकट असलं तर जास्तच. मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढल्या, पांढरा पडदा लावला आणि सगळ्यांनी मिळून एक परदेशी पिक्चर बघितला. पुढं कधीतरी येणाऱ्या वाईट दिवसांची गोष्ट. समुद्र चढत चाललाय, शहर बुडत चाललंय आणि उंच इमारतींतल्या लोकांनी जिन्यांना लोखंडी दारं बसवलीत. एक म्हातारा नातीला खांद्यावर घेऊन असलंच एक दार वाजवत राहतो. आधी जोरात, मग हळू, मग नुसती बोटं. दाराच्या आत माणसं जेवत असतात.

पिक्चर चांगला होता, खोटं कशाला बोलू. मीसुद्धा रडलो.

मागं खांबाला टेकून आमची दूधवाली मावशी बसली होती. तिला पिक्चरला कुणी बोलावलं नव्हतं. ती कमिटीला भेटायला आली होती, तर चेअरमन म्हणाले, बसा, पिक्चर झाल्यावर बोलू. तिचं घर पंचगंगेकडच्या खालच्या गल्लीत. दोन म्हशी. पावसाळा तोंडावर आलेला. नदीचं पाणी गल्लीत चढलं तर म्हशी दोन-चार दिवस आमच्या पार्किंगमध्ये बांधू द्या, आम्ही उंचावर आहोत, एवढंच तिला मागायचं होतं. आणि होकार आत्ताच पाहिजे होता. ऐनवेळी विचारलं की काय होतं, ते तिनं बघितलं होतं.

मागच्या मोठ्या पुराच्या वेळी तिच्याकडं तीन म्हशी होत्या. त्यातली एक गाभण, दिवस भरत आलेली. भर पावसात दुपारी ती तिन्ही जनावरं घेऊन आमच्या गेटवर आली आणि गेट वाजवायला लागली. चेअरमननी ग्रुपवर लिहिलं की टाइल्स नव्या आहेत, शेणाचा वास जिन्यात चढेल, कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस. त्याखाली भराभर अंगठे पडले. एक माझा होता. मी सेक्रेटरी, गेटची किल्ली माझ्याकडं. छत्री घेऊन खाली गेलो, कमिटी तयार नाही म्हणून सांगितलं, कुलूप ओढून बघितलं आणि वर आलो. ती म्हशी हाकत हायवेकडं गेली. गाभण म्हैस वाटेतच पाण्यात बसली, ती परत उठली नाही. पाणी ओसरल्यावर मावशी दूध घेऊन आली, तेव्हा आमच्यातल्या एका बाईनं विचारलं, दूध पातळ का लागतंय.

तर त्याच पार्किंगमध्ये, त्याच टाइल्सवर, पिक्चर संपला आणि दिवे लागले. नाकं शिंकरायचा जो काय गजर झाला म्हणता! दूध पातळ म्हणणाऱ्या बाई म्हणाल्या, मी सुन्न झालेय, आज जेवण जाणार नाही. असं म्हणून त्यांनी जयसिंगपूरच्या भडंगाचा दुसरा पुडा उचलला. बँकेतून रिटायर झालेल्या एकांनी दिग्दर्शकानं पाण्याचा रंग कसा वापरलाय त्यावर पाऊण तास घेतला. ह्यांना पाण्याचा रंग माहीत. ऐन पुरात हे गच्चीवर उभं राहून फोटो काढत होते. चेअरमन तर रुमाल डोळ्याला लावूनच बोलायला उठले. परदेशात माणुसकी उरलेली नाही, आपल्याकडं असं होणार नाही, आपले संस्कार वेगळे. टाळ्या पडल्या. एकाचीही जीभ अडखळली नाही. मला तिथंच त्या सगळ्यांची किळस आली, आणि माझं स्वतःचं तोंड अजून ओलं होतं.

मग मावशी उठली, पदर सारखा केला आणि आपलं म्हणणं चार वाक्यांत सांगितलं. म्हशी तिसऱ्या दिवशी नेईन म्हणाली, शेण मी काढीन, फरशी धुऊन देईन म्हणाली. सगळे चेअरमनकडं बघायला लागले. शेवटी चेअरमननी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"मावशी, आत्ता सगळे भावनेच्या भरात आहेत," ते म्हणाले. "असले निर्णय शांत डोक्यानं घ्यायचे असतात. पुढच्या मीटिंगला विषय घेऊ."

आमची मीटिंग सप्टेंबरात असते. पूर त्याच्या आधी येतो.

मावशी गेटकडं निघाली. मी खुर्ची आवरायच्या निमित्तानं तिच्या मागं गेलो, जुडग्यातली जादा किल्ली काढली आणि हळूच तिच्यापुढं धरली. पाणी आलं तर कुणाला विचारू नका, गेट उघडा आणि म्हशी आत घ्या, असं पुटपुटलो. तिनं किल्लीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्या म्हाताऱ्यासाठी रडलासा न्हवं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "मी गेट वाजवलं तवा तुमी खाली आलासा, कुलूप वढून बघितलंसा आन वर गेलासा."

मी किल्ली तशीच पुढं धरून ठेवली.

"आन आता चोरून बांधायला माज्या म्हशी काय चोरीच्या हायत? द्यायचीच तर किल्ली सगळ्यांच्या म्होरं द्या."

सगळे दहा पावलांवर भडंग खात उभे होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी सेक्रेटरी, एक वाक्य बोललो असतो तर निदान दोघंतिघं तरी लाजेनं हो म्हणाले असते. मी खुर्ची मिटली. मावशी किल्ली न घेताच गेटबाहेर पडली.

वर येऊन फोन बघितला, तर ग्रुपवर पिक्चरचंच चाललं होतं. चेअरमननी लिहिलं होतं, अजून डोळे पाणावलेलेच आहेत, माणूस म्हणून आपण कुठं कमी पडतो ते आज कळलं. खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

किल्ली परत जुडग्यात घातली आणि त्याखाली मीही अंगठा दाबला.